प्रवासाचे कारण

इंदोरा, नागपूर
७ जुलै २०२५

ताराचंद,

जयभीम.

तुझा फोन मी मुद्दाम उचलून नाही राहिली. काल सात वेळा वाजला, सातही वेळा मी त्याच्याकडं पाहत बसली. फोनवर तुझं कसं आहे, अडचणीचं काही विचारलं का "ताई, आवाज कटून राहिला" म्हणतो अन् ठेवून देतो. कागदावरचा आवाज कटत नाही. बत्तीस वर्षं पोस्टात लोकायची पत्रं गावावार छाटण्यात गेली माझी, माझा कागदावरच भरवसा आहे.

तर विचारते. तू कुठं आहे गा?

अकरा वर्षं झाली, महिन्याचा पहिला गुरुवार म्हणजे ताराचंद, हे या घरात ठरलेलं होतं. सकाळी पुण्याच्या गाडीनं उतरायचं, अंघोळ करून बुटीबोरीच्या तुमच्या कारखान्यात मीटिंगले जायचं, संध्याकाळी मायच्या बाजूले ताट घेऊन बसायचं, शुक्रवारी वापस. एप्रिलमध्ये आला नाही. म्हटलं, काम असन. चौदा एप्रिललेही आला नाही, तवा मी चमकली. मग मे गेला, जून गेला, आता तीन तारखेचा गुरुवारही गेला.

माय काहीच म्हणत नाही, तेच मले खुपते. शेजारच्या कुसुमताईनं विचारलं, "जिजाबाई, ताराचंद नाही आला?" तर म्हणे, "कंपनीनं सोडला नसन." अन् तोंड फिरवून घेतलं. एक्याऐंशी वर्षांची झाली. मी तिचे पाय दाबते, गोळ्या देते, डोळ्यात औषध टाकते. माझं नाव तिच्या तोंडी येते ते फक्त चष्मा सापडला नाही तर. अन् गुरुवार आला का तिचे कान दाराशी. मले राग येते, ताराचंद. मीही माणूस आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवजो. यंदा दसरा दोन ऑक्टोबरले आहे. छप्पन साली बारा वर्षांची असताना माय मौद्याकडच्या खेड्यातून तिच्या बापासंगं पायी आली, अन् त्या गर्दीत बापानं तिचं मनगट धरलं ते घरी जाईपर्यंत सोडलं नाही, हे तू शंभर वेळा ऐकलं. तवापासून दीक्षाभूमी चुकली नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत कार्यक्रम नव्हता, तर पांढरं लुगडं नेसून अंगणात उभी राहिली. आपले बाबा गेल्यापासून तिचं मनगट तूच धरतो. मी म्हटलं, माय, मी नेते. माझ्या पायलनं म्हटलं, आजी, मी नेते. तर म्हणे, "तुम्ही तं रोजच्याच."

म्हणजे तू आला तर ती जाणार, नाही आला तर साठ-सत्तर वर्षांत पहिल्यांदा घरी बसणार. येणार का नाही, एवढंच लिही. सबबी नको लिहू.

प्रेमिला


पुणे
१५ जुलै २०२५

ती. प्रेमिलाताईस,

सविनय जयभीम.

तुझं पत्र मिळालं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने ते मला असं आणून दिलं, जसं काही कोर्टाचं समन्स आहे. वाचल्यावर वाटलं, त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

तू उगाच रागावली आहेस. एक एप्रिलपासून आमच्या कंपनीने प्रवास जवळजवळ बंद केला आहे. वरच्या साहेबांचा निर्णय, माझ्या हातात काही नाही. आता सगळ्या शाखांच्या बैठका ऑनलाइन होतात. पूर्वी एका बैठकीसाठी पुण्याहून सहा माणसं नागपूरला जायची, प्रत्येकाचे दोन दिवस मोडायचे, गाडीभाडं, हॉटेल, जेवणखाण. आता दीड तासात काम आटोपतं. चेहरे दिसतात, कागद दिसतात, बोलणं होतं. कामाच्या दृष्टीने यात चूक काही नाही, हे तुलाही पटेल.

तेच आपणही करू शकतो. आईसाठी एक टॅबलेट पाठवतो आहे. पायल लावून देईल. पहिल्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी समोर हजर असेन. आजवर महिन्यातून एकदा भेटायचो, आता मनात आलं तर रोज भेटू. शांतपणे विचार केलास तर ही सोय जास्तच आहे.

दसऱ्याचं मात्र कठीण दिसतं. एक आणि तीन ऑक्टोबरला आमच्या तिमाहीच्या ऑनलाइन बैठका आहेत, त्यामुळे पुणं सोडता येणार नाही. पायलने दीक्षाभूमीवर मोबाइल वर धरला, तर मीही आईबरोबर तिथे असल्यासारखंच होईल. आईला समजावून सांग. तुझं ती ऐकते.

सूनबाईचा, म्हणजे प्रीतीचा, तुम्हा सर्वांना जयभीम.

तुझा,
ताराचंद


इंदोरा, नागपूर
११ ऑगस्ट २०२५

ताराचंद,

तुझा टॅबलेट आला अन् तुझं खोटंही आलं. आधी टॅबलेटचं सांगते.

सात तारखेच्या गुरुवारी मायनं दुपारपासून पाटोडीचा रस्सा केला. संध्याकाळी नवं लुगडं नेसली. ताट वाढलं अन् टॅबलेटच्या समोर ठेवलं. मी म्हटलं, "माय, तो ते खाणार आहे काय?" म्हणे, "पाहीन तं सही."

मग तू आला. मागं समुद्र, नारळाची झाडं. माय म्हणे, "हा समुद्राकाठी राहाले गेला काय?" पायल म्हणे, "आजी, ते खोटं चित्र असते, मागचं घर दिसू नये म्हणून." माय म्हणे, "काहून? घरात काय आहे याच्या लपवाले?" सांग आता तूच.

अन् तुझे डोळे आमच्यावर नव्हते. खाली काहीतरी वाचून राहिला होता अन् वर हाव हाव करत मान हलवत होता. माय म्हणे, "माझा गुडघा सुजला." तू म्हणे, "व्हेरी गुड." मी तिथंच होती, ऐकलं मी. व्हेरी गुड! मग तुझं तोंड उघडं ते उघडंच थांबलं. माय घाबरली, "याले काय झालं वं," म्हणून काचेवर बोट मारत बसली. पायल म्हणे, नेटवर्क गेलं. ताटातल्या रश्शावर साय धरली. मायनं ते ताट उचललं अन् झाकून ठेवलं.

आता खोट्याचं. कुसुमताईचा रोशन तुमच्या बुटीबोरीच्या कारखान्यात स्टोअरमध्ये आहे, तुले माहीत आहे. शनिवारी तो पोट्टा खुशीत आला. "मावशी, मामाचा फोटो आला कंपनीच्या पत्रिकेत!" पाहते तर काय, गळ्यात शाल, हातात सर्टिफिकेट, दात सगळे बाहेर. खाली लिहिलं आहे, प्रवासखर्च निम्म्यावर आणणारी योजना ज्यांनी सुचवली ते आमचे ताराचंद. अन् त्याखाली छापलेल्या तुझ्या यादीत बंद करायची पहिली फेरी कोणती? पुणे ते नागपूर.

वरच्या साहेबांचा निर्णय म्हणे! माझ्या हातात काही नाही म्हणे! लहानपणी खोटं बोलला का तुझे कान लाल व्हायचे. कागदावर कान दिसत नाहीत, म्हणून सोयीचं पडलं तुले.

रोशननं तुझा तो फॉर्मही आणून दाखवला. बाहेरगावी जायचं तर आधी तो भरायचा. प्रवासाचे कारण. मग खाली, हे काम ऑनलाइन होण्याजोगे आहे काय? नसल्यास का नाही? किती हुशारी गा! हा फॉर्म तू आधी स्वतःच्या मायवर लावून पाहिला अन् तिले नापास केलं.

अन् एक सांग. बैठका ऑनलाइन आहेत ना? मग पुणं सोडता काहून येत नाही? नागपुरातून नाही बसता येत? का लॅपटॉप पुण्यालाच खिळ्यानं ठोकला आहे?

फोटो मी मायले दाखवला नाही. दाखवला असता तर तिनं भिंतीवर लावा म्हटलं असतं, अन् ते मले पाहवलं नसतं. तू येऊन राहिला का नाही दसऱ्याले, ते लिही.

प्रेमिला


पुणे
२० ऑगस्ट २०२५

ताई,

हो, योजना माझी. यादीतली पहिली ओळही माझी. झालं समाधान?

आता तुला माहीत नाही ते ऐक. ती बैठक नागपूरला व्हायची गरज कधीच नव्हती. पहिल्या वर्षापासून ती फोनवर झाली असती. बुटीबोरीला प्रत्यक्ष गेल्याशिवाय काम होत नाही, हे अकरा वर्षं मी साहेबांना पटवत आलो, आणि ते खोटं होतं. माझ्या एकट्याची फेरी डोळ्यावर येऊ नये म्हणून आणखी पाच माणसांना दर महिन्याला उगाच ओढत आणत होतो. त्यांना नागपूरचा वीट आला होता. ऑक्टोबरची बैठक दरवर्षी दसऱ्याच्या आठवड्यात कशी यायची, हा विचार तू कधी केलास? ती मी बसवायचो. पकडला गेलो असतो तर नोकरी गेली असती. हे सगळं कुणासाठी?

आणि मला काय मिळालं? मार्चमध्ये मी आपल्या ओसरीवर साहेबांशी फोनवर बोलत होतो. नागपूरच्या फेरीचा खर्च फार होतो म्हणाले. मी म्हणालो, "माझा तिथे राहण्याचा खर्च शून्य आहे सर, कंपनीच्या कामानेच येतो आणि घरी उतरतो." त्यांना असंच सांगायला हवं होतं, फेरी वाचवायची होती. आईने ते ऐकलं. शुक्रवारी निघण्याआधी जेवायला बसलो तेव्हा ती मला काय म्हणाली, ते तिलाच विचार. विचार ना! तू स्वयंपाकघरात होतीस. मी पहिला घास न घेता उठलो आणि तुला वाटलं, गाडीची वेळ झाली.

पंधरा दिवसांनी कंपनीने खर्च कमी करायच्या सूचना मागवल्या. मी रागाच्या भरात नागपूरची ओळ सगळ्यात वर लिहिली. त्यावर शाल मिळेल, असं वाटलं नव्हतं.

तू म्हणशील, मग सुट्टी घेऊन ये. माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत, ताई. "आईचं मनगट धरायला जायचं आहे" असं लिहून बावन्न वर्षांचा माणूस सुट्टी मागत नाही. कामाशिवाय घरी यायची मला सवयच राहिली नाही. हे हसण्यासारखं असेल, पण खरं आहे.

यापुढे मला असली पत्रं लिहू नकोस. आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता माझी बैठक असते. त्या वेळी तर मला कसलाही त्रास देऊ नका. मी त्या वेळी फक्त तिथेच असतो.

ताराचंद


पुणे
५ सप्टेंबर २०२५

प्रेमिलाताई,

हे काय केलंस तू? डोकं ठिकाणावर होतं का तुझं?

काल अकराला बैठक सुरू झाली. मोठे साहेब, इंदूर, बडोदा, चेन्नई, सगळे मिळून अडतीस माणसं पडद्यावर. नागपूरची खिडकी उघडली, तर प्लांटच्या मॅनेजरच्या, ओमप्रकाशजींच्या खुर्चीवर माझी आई! पांढरं लुगडं, मांडीवर स्टीलचा डबा. मागे तू हाताची घडी घालून उभी, आणि तो रोशन कॅमेरा वर-खाली करतोय.

आई म्हणाली, "ताराचंद, मी मीटिंगले आली गा. जेवला काय?"

बडोद्याची माणसं हसली. इंदूरचा एक जण "प्रणाम माताजी" म्हणाला. मोठे साहेब म्हणाले, "ह्या बाई कोण आहेत?" सतरा वर्षं मी या कंपनीत मान खाली घालून काम केलं. माझ्याविषयी कुणी हसेल असं काही केलं नाही. काल एका मिनिटात ते सगळं धुतलं गेलं. मी कसंबसं सांगितलं की तांत्रिक अडचण आहे, आणि बैठक पुढे नेली. दिवसभर लोक मला विचारत होते, जेवलात काय? कँटीनमधल्या पोरानेही विचारलं.

तुझा राग माझ्यावर आहे ना? मग माझ्यावर काढ. म्हाताऱ्या बाईला उन्हातून पस्तीस किलोमीटर ओढत नेऊन तमाशा कशाला केलास? रोशनने बाहेरची माणसं कारखान्यात घेतली, त्याबद्दल त्याला नोटीस द्यायला सांगणार आहे. मग बघू, त्याची मावशी त्याला कुठे नोकरी लावून देते.

ताराचंद


इंदोरा, नागपूर
१० सप्टेंबर २०२५

ताराचंद,

तांत्रिक अडचण! काय शब्द काढला भैताडानं!

तूच लिहिलं होतं ना, पहिल्या गुरुवारी अकरा वाजता तू फक्त मीटिंगमध्ये असतो? मायले मी ते वाचून दाखवलं. माय म्हणे, "मग तिथंच जाऊ." ओढत नेलं म्हणतो? ती माझ्या आधी चपला घालून तयार होती. इंदोरा चौकातून मेट्रोनं खापरीले गेलो, तिथून ऑटो. मायनं पहिल्यांदा मेट्रो पाहिली. म्हणे, "एवढी सोय झाली अन् येणारे कमी झाले."

ओमप्रकाशजीले मी खरं तेच सांगितलं. ताराचंदची माय आहे, त्याले पाहाले आली. तो भला माणूस उठला, आपली खुर्ची दिली, चहा मागवला. परका माणूस उठून उभा राहिला गा! रोशनच्या नोकरीले हात लावून तर पाह. मग पुण्याले मी येते, अन् डबा घेऊन नाही येणार.

तुझ्या पत्रात सगळं आहे. बडोदा आहे, इंदूर आहे, कँटीन आहे. एक गोष्ट मात्र तू लिहिली नाही. मी लिहिते.

माय चार मिनिटं बोलली. मी पडद्याकडं पाहून राहिली होती. अडतीस माणसांतून एकाचीही मान हलेना. ओमप्रकाशजी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "बहनजी, उधर से आवाज बंद कर दिया है." मी म्हटलं, उधर से म्हणजे कोणी? म्हणाले, जो मीटिंग चलाता है.

तू. तू बटन दाबलं अन् मायचा आवाज बंद केला. माझ्या अंगाची आग झाली, ताराचंद, अजून विझली नाही. बाबा शेवटी शेवटी बोलू शकत नव्हते तर त्यांच्या ओठाले कान लावून बसे ही बाई. तिचं तोंड तू एका बोटानं बंद केलं. मायले मी काही सांगितलं नाही. बोलू दिलं. घरी आल्यावर शब्द न् शब्द उतरवून ठेवला. तू ऐकला नाही, आता वाच.

"ताराचंद, मार्चमध्ये तू फोनवर बोलला ते मी ऐकलं. अकरा वर्षं मले वाटे, हा माझ्यासाठी येते. त्या दिवशी समजलं का मी तं याचं हॉटेल होय. मग रागानं म्हटलं, कंपनीच्या कामानं येत असशील तं माझ्या दारी येऊ नको. ते म्हणायले नको होतं. तू भुक्या पोटी उठला, त्याचं मले अजून वाईट वाटते. मी फोन केला नाही, माझंही नाक मोठं आहे. पण यंदा पाय चालून नाही राहिले, बापू. पुढल्या सालचं मी काही सांगत नाही. दसऱ्याले ये. डब्यात पाटोडी आहे, ती या साहेबाले देऊन जाते. चालू द्या तुमचं."

एवढं बोलून ती उठली. तुमची बैठक पुढं चालली. सांग, काय ठरवलं तुम्ही त्या दिवशी? मोठं काही ठरवलं असन.

तुझं वीस ऑगस्टचं पत्र मी काल मायले पूरं वाचून दाखवलं. अकरा वर्षं तू मीटिंगचं खोटं रचून येत होता, ते वाचताना मले रडू आलं, अन् तुले एक थापडही माराविशी वाटली. मायले भेटाले तुले मीटिंग काहून लागते गा? एकदा तिच्या कानात सांगितलं असतं का माय, मीटिंग खोटी आहे, मी तुझ्यासाठीच येतो, तर ती आयुष्यभर त्यावर खुश राहिली असती. पण नाही. कंपनीशी खोटं बोलायची हिंमत आहे, मायशी खरं बोलायची नाही.

ऐकून मायनं शेजारून रोशनले बोलावून घेतलं. मग म्हणे, "तो फॉर्म आहे काय गा रोशन तुझ्याजवळ?"

प्रेमिला


इंदोरा
१५ सप्टेंबर

ताराचंद यास जिजाबाईचा जयभीम.

विहारातल्या वर्गात शिकली तवापासून मी सही सोडून जास्त लिहिलं नाही. अक्षराले हसू नको.

प्रेमिलाले वाटते का मले समजलं नाही. मले समजलं होतं. समोरची माणसं ऐकून नाही राहिली, हे डोळ्यानं दिसते. त्याले बटन माहीत असावं लागत नाही. तरी बोलली. एवढ्या दूर गेली होती, पोटातलं पोटात घेऊन वापस काहून येऊ?

त्या दिवशी तुले मी दिसली तवा तुझे कान लाल झाले. ते मी पाहिलं. समुद्राचं चित्र लावलं नव्हतं तू त्या दिवशी.

तुझ्या बहिणीवर ओरडू नको. ती माझं सगळं करते अन् मी तिले रोजची म्हटलं, तेही चुकलं माझं. तिले मी सांगितलं तसं. ती म्हणे, राहू दे. अजून रागातच आहे.

तुमच्या कंपनीत फॉर्म भरल्याशिवाय येऊ देत नाहीत म्हणे. म्हणून भरून पाठवते. रोशननं वाचून सांगितलं, लिहिलं मी.

कर्मचाऱ्याचे नाव: ताराचंद. माझा लहाना.
कोठून कोठे: पुण्याहून माझ्या दारी.
प्रवासाचे कारण: मनगट धरणे.
हे काम ऑनलाइन होण्याजोगे आहे काय: नाही.
नसल्यास का नाही: तुझ्या टॅबलेटले मी हात लावून पाहिला. थंड लागते.
मंजुरी देणाऱ्याची सही: ही तुझी तू कर.

दोन तारखेले सकाळी सहाले मी निघीन. कोणाची वाट पाहत नाही. काठी आहे.

जिजाबाई


पुणे
२३ सप्टेंबर २०२५

माय अन् ताई,

जयभीम.

फॉर्म वापस पाठवून राहिलो. नामंजूर केला आहे, शेरा पाहजो. तो कंपनीच्या कामाचा फॉर्म होय, अन् कंपनीच्या कामानं दारी यायले मायनं मनाई केली आहे.

शुक्रवारी मोठ्या साहेबांकडं गेलो. म्हटलं, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं ह्या बाई कोण, ते सांगायचं राहून गेलं. माझी माय होय. अकरा वर्षं नागपूरची बैठक तिच्यासाठी होती, कारखान्यासाठी नाही. साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग लेखी खुलासा मागितला. माझ्या हाताखालची माणसं दुसऱ्याकडं दिली आहेत. नोकरी राहते का जाते, ते दहा तारखेच्या आत समजन. मी रजा मागितली तर म्हणे, सध्या तरी तुमची इथं गरज नाही. तिमाहीच्या बैठकाही माझ्यावाचूनच होणार आहेत.

रोशनले सांगजो, त्याचं नाव मी कुठंच घेतलं नाही. घेणारही नव्हतो. तुले भ्याव दाखवाले लिहिलं होतं.

ताई, तुझ्या पत्रातली ती चार मिनिटं मी इतक्या वेळा वाचली का प्रीतीनं पत्र काढून घेतलं. बटन मी दाबलं. चुकून नाही दाबलं, समजून दाबलं. माय "मीटिंगले आली" म्हणाली अन् लोकं हसली, तवा मले तिची लाज वाटली. हे मी प्रीतीलेही सांगितलं नव्हतं. कंपनीनं सगळ्याचा खुलासा मागितला, याचा मागितला नाही. म्हणून इथं लिहून देतो. तू माझ्याशी बोलू नको, तुझा राग बरोबर आहे. फक्त दार उघडजो.

रिझर्व्हेशन मिळालं नाही. जनरल डब्यात येतो. त्या गाडीत दीक्षाभूमीले उभ्यानं येणारे हजार लोकं राहतात, त्यात एक मी. एक तारखेले सकाळी उतरीन. स्टेशनवर कोणी येऊ नका.

माय, काठी घरीच ठेवजो. लॅपटॉप मी पुण्यातच ठेवून येतो. दोन्ही हात मोकळे राहतील.

तुझा लहाना,
ताराचंद